दारावरचे कमळ आणि रबराचा साचा

पेठेतला जुना वाडा पाडावयाचा ठरला की प्रथम यादी होते. तुळया मोजल्या जातात, सागवानाचा भाव काढला जातो, पितळी कड्या आणि कोयंडे वेगळ्या पोत्यात भरले जातात. जमीन, भांडी, तिजोरी यांची वाटणी कागदावर बसते. दाराच्या ललाटपट्टीवरचे वीतभर कोरीव कमळ मात्र तीन भावांत वाटता येत नाही. फलटण, बारामती, बार्शी अशा व्यापारी गावांतील पुष्कळ घरांनी हा प्रसंग पाहिलेला आहे. कमळ बहुधा थोरल्याकडे जाते, किंवा त्या गडबडीत कोणीच मागत नाही म्हणून तुळयांबरोबर जुन्या लाकडाच्या वखारीत जाते. दहा वर्षांनी एखादी नात विचारते, की आजीच्या दारावर होते ते कमळ आता कोणाकडे आहे, आणि घरातली मोठी माणसे एकमेकांकडे पाहतात.

अशा वस्तूची हुबेहूब प्रत घरच्या घरी काढता येते. त्यास भट्टी लागत नाही, यंत्र लागत नाही. लागते ते लॅटेक्स, म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, थोडे प्लॅस्टर ऑफ पॅरिस आणि आठवडाभराचा धीर. पहिल्या दोन गोष्टी दुकानात मिळतात. तिसरी नसल्यामुळे बहुतेक साचे बिघडतात, आणि क्वचित मूळ वस्तूही जाते.

रबराचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉनच्या खोऱ्यातले. केरळात पेरियार नदीच्या काठी थट्टेकाड येथे १९०२ साली त्याची व्यापारी लागवड सुरू झाली. आज कोट्टायम हे या व्यवसायाचे केंद्र आहे आणि रबर बोर्डाचे मुख्य कार्यालयही तेथेच आहे. आपल्याकडे सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आणि गोव्यात रबराच्या बागा दिसतात. पहाटे झाडाच्या सालीवर तिरका छेद देतात आणि खाली बांधलेल्या वाटीत दुधासारखा चीक थेंबथेंब जमतो. झाड तोडावे लागत नाही. बेताने छेद दिल्यास ते वीस वर्षांहून अधिक काळ चीक देते. हा चीक तसाच ठेवला तर काही तासांत साकळतो, म्हणून त्यात अमोनिया घालतात आणि मध्यापकर यंत्रात फिरवून पाण्याचा अंश कमी करतात. बाजारातील दाट लॅटेक्समध्ये सुमारे ६० टक्के रबर असते. साच्यासाठी घेताना ‘प्री-व्हल्कनाइज्ड’ असे मागून घ्यावे. गंधक वगैरे घालून त्यावर आधीच प्रक्रिया झालेली असते, त्यामुळे वाळलेला पापुद्रा लवचिक आणि चिवट राहतो. साध्या चिकाचा साचा चिकट राहतो आणि लवकर खराब होतो.

लॅटेक्स येण्यापूर्वी युरोपातील प्लॅस्टरचे कारागीर लवचिक साच्यासाठी जिलेटिन वापरीत. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला तो सरस असे. म्हणजे ज्या घरांनी ही कला पूर्वी सामग्रीमुळेच दूर ठेवली असती, त्यांनाही आता ती जवळ करता येते. तरी दुकानदार सवयीने जे पुढे करतो ते सर्वच घेण्याजोगे नसते. ओतकामाच्या वस्तूला वरून लावण्याचे चपडा-पॉलिश लाखेचे, म्हणजे किड्यांच्या स्रावाचे असते. त्याऐवजी अॅक्रिलिक वार्निश चालते. वस्तू घडविण्यासाठी मधमाशांच्या मेणाचा आग्रह धरला जातो; तेथे पॅराफिन किंवा शाडू पुरते. ब्रश पुष्कळदा डुकराच्या केसांचा असतो. नायलॉनचा स्वस्त ब्रश या कामाला अधिक सोयीचा, कारण लॅटेक्सने ब्रश अखेरीस खराब होतातच.

आता कमळाकडे वळावे. येथे पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक होते: उत्साहाच्या भरात लॅटेक्स थेट मूळ वस्तूवर लावले जाते. जुन्या लाकडाची छिद्रे उघडी असतील तर चीक त्यांत शिरतो आणि साचा सोलताना लाकडाचे तंतू उचलून आणतो. सागवानासारखे लाकूड अमोनियाने काळवंडण्याचीही भीती असते. वस्तू पितळेची किंवा तांब्याची असेल तर नुकसान दुहेरी. अमोनियाने धातूवर डाग पडतात, आणि तांब्याचा अंश रबरात उतरला की साचा काही काळात चिकट होऊन फाटू लागतो. शंभर वर्षे टिकलेली, जिची दुसरी प्रत जगात नाही अशी वस्तू पहिल्या प्रयोगास देऊ नये, हे कोणताही व्यापारी सहज समजेल. दुकानातला अखेरचा नग कोणी नमुना म्हणून फोडत नाही.

म्हणून प्रथम मूळ वस्तूचा निरुपद्रवी ठसा घ्यावा आणि त्यावरून प्लॅस्टरची एक प्रत करावी. पुढची सर्व खटपट त्या प्रतीवर होऊ द्यावी. ठशासाठी दंतवैद्य वापरतात ती अल्जिनेटची पूड सोयीची आहे. पाण्यात कालवली की चारपाच मिनिटांत ती रबरासारखी घट्ट होते, चिकटत नाही, आणि उथळ कोरीव कामाची बारीक रेघही उचलते. ती समुद्रातील शेवाळवर्गीय वनस्पतीपासून बनते. ज्यांना ते नको असेल त्यांनी दोन भाग मळून वापरावयाची सिलिकॉनची पुट्टी घ्यावी. ती महाग पडते, आणि पॉलिश नसलेल्या लाकडावर तेलकट छटा सोडू शकते, म्हणून आधी वस्तूच्या मागील बाजूस चिमूटभर लावून पाहावी. अल्जिनेटचा ठसा मात्र पाणी उडताच आकसतो. तो निघताक्षणीच त्यात प्लॅस्टर ओतले पाहिजे; दुपारच्या जेवणानंतर पाहू म्हटले तर कमळ लहान झालेले असते.

ही पहिली प्रत पूर्ण वाळल्यावर तिच्याकडे उजेडात नीट पाहावे. बुडबुड्यांची छिद्रे प्लॅस्टरनेच भरावीत, फुगवटे बारीक पॉलिश पेपरने घासावेत, आणि अॅक्रिलिक वार्निशचा पातळ हात द्यावा. या ठिकाणी घरात वाद होतो. मूळ कमळाच्या एका पाकळीला चीर असते; ती भरावी की तशीच ठेवावी? भरली तर वस्तू सुबक दिसते. ठेवली तर ती त्याच दारावरची असल्याची खूण राहते. नव्या घराच्या भिंतीवर सुबक कमळे पुष्कळ मिळतात. चिरेचे एकच असते, आणि ज्यांनी त्या दारातून ये-जा केली त्यांचे बोट प्रथम त्या चिरेवरच जाते.

साचा करण्यासाठी प्रत काचेच्या तुकड्यावर किंवा गुळगुळीत सनमायक्यावर ठेवून कडेने शाडूची बारीक वात दाबावी, म्हणजे चीक खाली शिरणार नाही. खोलीच्या खिडक्या उघड्या असाव्यात, कारण अमोनियाचा वास डोळ्यांस झोंबतो. लॅटेक्स प्लॅस्टिकच्या वाटीत थोडे थोडे घ्यावे. तांब्यापितळेच्या भांड्यात कदापि नाही. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून निथळून घ्यावा आणि प्रत्येक थरानंतर लगेच धुवावा. अंगावर जुने कपडे असावेत. सुती असो वा रेशमी, कापडावर वाळलेला चीक निघत नाही, आणि पैठणीवर पडलेल्या एका थेंबाची किंमत साऱ्या साच्याहून अधिक होते.

पहिला थर अगदी पातळ हवा. तो ओढून लावू नये. ब्रशच्या टोकाने पाकळ्यांच्या खाचांत टिपत जावे आणि बुडबुडा दिसला की फुंकरीने किंवा टोकाने फोडावा. मूळ वस्तूची जी रेघ या थरात उतरते तीच शेवटपर्यंत राहते. नंतरचे सर्व थर केवळ बळकटीसाठी असतात. वस्तूभोवती काचेवरही दोनतीन सेंटीमीटर रुंद कड रंगवीत जावी. पुढे साचा धरावयास, टांगावयास आणि सोलावयास तीच कामी येते. ओला थर दुधासारखा पांढरा दिसतो. वाळत गेला की पिवळसर आणि अर्धपारदर्शक होतो. खाचांत कोठेही पांढरे डाग उरले असतील तर दुसरा थर लावू नये, कारण खाली कोंडलेला ओलावा बाहेर पडण्यास वाट उरत नाही आणि तेथे साचा कायमचा पोचट राहतो. उन्हाळ्यात एका थरास एकदोन तास पुरतात. भाद्रपदाच्या दमट हवेत सकाळचा थर संध्याकाळपर्यंतही पांढरा असतो. दिवाळीच्या भेटवस्तूंचे काम बहुतेक घरांत नेमके याच दिवसांत हाती घेतले जाते, आणि दिवस कमी उरले म्हणून जाड थर चोपडण्याचा मोह येथेच होतो. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो, आकसताना चिरतो. आठ पातळ थर जे करतात ते तीन जाड थरांनी होत नाही. पंख्याचा मंद वारा द्यावा; प्रखर उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये.

पाचव्या थरानंतर औषधाच्या दुकानातील सुती गॉजचे लहान तुकडे ओल्या चिकात बसवावेत, विशेषतः कडेवर आणि जेथे साचा ताणला जाईल तेथे. त्यावर आणखी तीनचार थर द्यावेत. शेवटचा थर वाळल्यावर एकदोन दिवस काहीही करू नये.

रबर लवचिक असल्यामुळे ते एकटे आकार धरत नाही. प्लॅस्टरच्या वजनाने फुगते. म्हणून बाहेरून कवच द्यावे लागते. कमळ एका बाजूने सपाट असल्याने कवच एकाच तुकड्याचे चालते. आधी पाकळ्यांखाली जे पोकळ भाग आत वळलेले असतात ते चिकात बुडविलेल्या कापसाने बाहेरून भरून काढावेत. नाहीतर कवच त्यांत अडकून बसते आणि हातोडी घ्यावी लागते. मग रबरावर टाल्कम पावडर चोळून साबणाच्या पाण्याचा हात फिरवावा, भोवती शाडूची भिंत उभारावी आणि दोन सेंटीमीटर जाडीचे प्लॅस्टर ओतावे. ते घट्ट झाले की कवच उचलावे. नंतर रबराला आतून बाहेरून पावडर लावीत लावीत, पायमोजा उलटा काढावा तसा साचा सोलावा. पावडर विसरल्यास रबराच्या दोन बाजू एकमेकींना अशा चिकटतात की पुन्हा सुटत नाहीत, आणि आठवड्याचे काम क्षणात गोळा होऊन हातात येते. सुपारीएवढ्या वा लिंबाएवढ्या वस्तूस कवच नको; पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात साचा कडेने टांगावा आणि खाली कोरड्या बारीक वाळूत अलगद बसवावा. वाळू सर्व बाजूंनी सारखा आधार देते.

ओतकाम त्यामानाने झटपट आहे. जिप्सम हा खनिज दगड सुमारे १५० अंशांपर्यंत तापविला की त्यातील बरेचसे पाणी जाते आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस उरते. पॅरिसजवळ त्याच्या खाणी होत्या म्हणून हे नाव. आपल्याकडे जिप्सम प्रामुख्याने राजस्थानातून येते. त्या पुडीस पाणी मिळाले की ती पुन्हा दगड होते आणि होताना उष्णता सोडते. वजनाने दहा भाग प्लॅस्टरला सहा ते सात भाग पाणी घ्यावे. पुडीत पाणी ओतू नये. पाण्यात पूड भुरभुरावी, मिनिटभर भिजू द्यावी, मग चमचा तळाशी ठेवूनच हलके ढवळावे. जोरात घुसळल्यास हवा शिरते. साचा आतून साबणाच्या पाण्याने ओलसर करून प्रथम थोडेच प्लॅस्टर घालावे, ते फिरवून सर्व रेघांत बसवावे, कवच टेबलावर हलके आपटावे, मग बाकीचे भरावे. अर्ध्यापाऊण तासात ते तापून पुन्हा निवते. निवल्याशिवाय काढू नये. रंग मात्र चारसहा दिवस वाळल्यावरच द्यावा. घाईने दिलेला रंग पापुद्रे होऊन निघतो. उरलेले प्लॅस्टर मोरीत ओतू नये. ते पाण्याखालीही घट्ट होते, आणि मग प्लंबरला बोलवावे लागते.

मुलांना हे काम फार आवडते, म्हणून एक गोष्ट घरातील मोठ्यांनी पक्की ध्यानात ठेवावी. घट्ट होत असलेल्या प्लॅस्टरचे तापमान मोठ्या गोळ्यात सुमारे ६० अंशांपर्यंत जाऊ शकते. बाळाच्या हाताचा ठसा म्हणून हात त्यात बुडवून धरल्यास गंभीर भाजते, आणि प्लॅस्टर आवळल्यामुळे हात बाहेरही काढता येत नाही. हाताचा ठसा घ्यावयाचा तर अल्जिनेटमध्ये घ्यावा आणि प्लॅस्टर त्या रिकाम्या ठशात ओतावे. लॅटेक्सही अंगावर लावू नये. काही जणांना रबराची तीव्र अॅलर्जी असते, आणि फुगा फुगवताना ज्यांचे ओठ खाजतात त्यांनी या कामापासून दूरच राहावे. कोरडी पूड हाताळताना नाकातोंडावर रुमाल असावा.

साचा एकदा हाती आला की मन हिशेब करू लागते, आणि व्यापारी घरात ते स्वाभाविक आहे. एका साच्यातून प्लॅस्टरच्या कित्येक वस्तू निघतात. लॅटेक्सचा खर्च त्यांवर वाटला की नगामागे थोडाच पडतो, खरा खर्च वेळेचा. मेण आणि पांढरे सिमेंटही या साच्यात ओतता येते, मात्र सिमेंटने तो लवकर झिजतो. पॉलिएस्टर रेझिन तर रबर खराबच करते. प्रत्येक साच्यामागे एक पान ठेवून किती नग निघाले, कोणत्या नगापासून रेघ बोथट दिसू लागली, हे लिहिले तर दुसऱ्या वर्षी किंमत अंदाजाने लावावी लागत नाही.

या हिशेबात दुसऱ्याचे काम मात्र अलगद शिरते. प्रदर्शनातून आणलेली सुंदर दिवली, एखाद्या कारागिराने घडविलेला कलश. लॅटेक्सपुढे सर्व सारखेच, ते कोणाचीही रेघ तितक्याच निष्ठेने उचलते. घरात ठेवण्यासाठी प्रत करणे आणि ती बाजारात मांडणे यांत अंतर आहे. डिझाइन्स अॅक्ट, २००० प्रमाणे नोंदविलेल्या घाटाला १० वर्षे आणि वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षे संरक्षण असते. शिल्पासारख्या कलाकृतीवरील हक्क कलाकाराच्या हयातीनंतरही ६० वर्षे चालतो. पण कायद्याच्या आधीची एक ओळख या वाचकांना आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटे वजनमाप त्यांपैकी एक, आणि अखेरचा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे नकली वस्तू अस्सल म्हणून खपविणे. तराजूच्या काट्याविषयी जे घर पिढ्यान्‌पिढ्या काटेकोर राहिले, त्याने साच्याविषयीही तितकेच राहावे. दुसऱ्याचा घाट हवा असेल तर त्या कारागिरास विचारून, त्याचा वाटा ठरवून घ्यावा. नाहीतर शाडूचा गोळा स्वतः घेऊन बसावे. घरातल्या मुलीने घडविलेली वाकडी दिवलीसुद्धा साच्यातून पहिल्या नगाइतकीच शेवटच्या नगातही वाकडी निघते, आणि ती तिची असते.

साचा ठेवताना आत एक ओतलेला नग तसाच राहू द्यावा, म्हणजे आकार बिघडत नाही. पावडर लावून, कवचासह, अंधाऱ्या कपाटात ठेवावा. ऊन, तेल आणि रॉकेल यांपासून तो दूर असावा. लॅटेक्सच्या बाटलीचे झाकण घट्ट लावावे, नाहीतर पुढच्या वेळी आत पांढरा गोळा सापडतो.

तीन भावांसाठी तीन कमळे ओतली जातील तेव्हा प्रत्येकाचे प्लॅस्टर घट्ट होऊ लागताच, पण अजून ओले असताना, मागच्या बाजूस खिळ्याने ओतल्याचे साल कोरावे, आणि मूळ लाकडी कमळ कोणाच्या घरी आहे तेही. रंग आणि वार्निश चढल्यावर पन्नास वर्षांनी समोरून पाहणाऱ्यास फरक कळणार नाही. भिंतीवरून उतरवून उलटे करणाऱ्यास कळेल.